लंडनहून डोव्हरचे पांढरे कडे आणि कँटरबरी : आईबाबांना घेऊन कोचने एका दिवसाची ट्रिप कशी करायची

मे महिना उजाडला की इथे आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांमधे कुणाचे ना कुणाचे आईबाबा नाहीतर सासूसासरे भारतातून आलेले असतात, पहिले दोन वीकेंड लंडन आय, टॉवर ब्रिज, नीसडनचं मंदिर झालं की प्रश्न येतो आता यांना न्यायचं कुठे, आणि मग मला हमखास मेसेज येतो की तू ती डोव्हर-कँटरबरी केलीयेस ना, कशी करायची सांग. मी ती तीनदा केलीये. एकदा आईबाबांबरोबर, एकदा सासूबाईंबरोबर आणि मग दोन वर्षांनी परत आईबाबांनाच घेऊन, कारण पहिल्या वेळी जे दाखवायचं होतं ते दाखवायचं राहूनच गेलं होतं. का राहिलं आणि तुमचं राहू नये म्हणून काय करायचं ते सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. ही ट्रिप चांगली होणार की नाही हे बुकिंग करतानाच ठरतं, त्या दिवशी गाइड कितीही चांगला मिळाला तरी त्याच्या हातात फार काही नसतं. आपण जाहिरात बघतो, त्यात लीड्स कॅसल, कँटरबरी, डोव्हर, वर परत ग्रिनिच अशी चार नावं असतात, आपल्याला वाटतं वा, एका तिकिटात चार ठिकाणं. आता हिशोब करा. लंडन ते डोव्हर साधारण सव्वाशे किलोमीटर, सकाळचा लंडनमधला ट्रॅफिक धरून दोन-अडीच तास तरी जातात, परत येतानाही तेवढेच किंवा जास्त, म्हणजे सकाळी साडेआठला निघून संध्याकाळी साडेसहाला परत यायचं तर पाच तास नुसते रस्त्यावर. उरले पाच, त्यात चार ठिकाणं, जेवण आणि दर ठिकाणी पन्नास माणसांचं चढणं-उतरणं. अष्टविनायकाच्या बसने गेलेल्यांना हे बरोबर कळेल. पंढरपूरला कसं मुखदर्शन असतं, लांबून बघायचं, हात जोडायचे आणि पुढे सरकायचं, तसं होतं. मुखदर्शनाला नावं ठेवत नाहीये, ज्याला तेवढंच जमतं त्याला तेच पुरतं, पण आपण मुखदर्शनाचं तिकीट काढलंय हे आधी माहीत असायला हवं.

तेव्हा ठिकाणं मोजू नका, मिनिटं मोजा. ट्रिपच्या पानावर शब्द नीट वाचा. 'फोटो स्टॉप' लिहिलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं, 'फ्री टाइम' म्हणजे तास-दीड तास, 'व्ह्यू' म्हणजे बऱ्याचदा बसच्या खिडकीतून किंवा लांबूनच. 'एंट्री इन्क्लुडेड' कशाची आहे ते बघा, कारण कँटरबरी कॅथेड्रलला, म्हणजे तिथल्या मोठ्या जुन्या चर्चला, आत जायला तिकीट आहे, माणशी पंधरा पाउंडांच्या वरच, आणि काही स्वस्त ट्रिपांमधे ते धरलेलं नसतं, आत जायचं असेल तर तुमचं तुम्ही काढा. डोव्हर कॅसलचं तर बहुतेक वेळा नाव असतं आणि दिसतो तो बाहेरूनच. लिहिलेलं नसेल तर सरळ ईमेल करून दोन प्रश्न विचारा: कड्यांपाशी नक्की कुठे थांबणार, आणि तिथे किती मिनिटं. उत्तर नीट आलं नाही तर ती ट्रिप सोडून द्या.

कुठे थांबणार हे का विचारायचं ते सांगते, कारण हे मला पहिल्या वेळी माहीतच नव्हतं. कड्याच्या डोक्यावर उभं राहिलं की पायाखाली हिरवं गवत असतं आणि समोर समुद्र, पांढरा कडा दिसतच नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. पांढरी भिंत बघायची तर एकतर खाली समुद्रकिनाऱ्यावर किंवा बंदराच्या बाजूला उभं राहून बघायची, नाहीतर वरून थोडं पूर्वेला चालत जाऊन जिथे किनारा आत वळतो तिथून पलीकडचा कडा बघायचा. वर नॅशनल ट्रस्टचं (जुन्या जागा आणि निसर्ग जपणारी इथली संस्था) व्हिजिटर सेंटर आहे लँग्डन क्लिफ्सवर, तिथे कोच थांबत असेल तर उत्तम, तिथे चहा मिळतो, टॉयलेट आहेत, आणि पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की पांढरा कडा समोर येतो. आमची पहिली ट्रिप खालच्या रस्त्यावर थांबली, वीस मिनिटं, त्यातली बारा आईसाठी टॉयलेट शोधण्यात गेली, परत आलो तर गाइड हात हलवून बोलावत होती आणि बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून लांबून बघत होते.

बाबा शाळेत मास्तर होते. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. येण्याआधी महिनाभर त्यांनी वाचून ठेवलं होतं की हे कडे म्हणजे सगळा खडूचा दगड आहे, आणि त्यांना एकदा तो हाताने बघायचा होता, एवढंच. ते राहिलं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले काही हरकत नाही, दिसलं ना, आणि तेव्हाच मी ठरवलं की परत यायचं.

आता दिवस कुठला घ्यायचा. शक्यतो रविवार नको. रविवारी कॅथेड्रलमधे प्रार्थना असतात, पर्यटकांना आत सोडायच्या वेळा कमी असतात, आणि सकाळी ट्यूबही, म्हणजे लंडनची मेट्रो, उशिरा सुरू होते, आम्ही हॅरोला राहतो, रविवारी व्हिक्टोरियाला वेळेत पोचायचं म्हणजे टॅक्सीच करावी लागते. शनिवारी कँटरबरीत गर्दी फार. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात छान, आपल्याला एक सुट्टी टाकावी लागेल पण टाका. जुलैमधे केंट युनिव्हर्सिटीचे पदवीदान समारंभ कॅथेड्रलमधेच होतात, तेव्हा आतला बराच भाग बंद असू शकतो, म्हणून कॅथेड्रलच्या वेबसाइटवर त्या दिवसाची वेळ बघूनच बुक करा, ट्रिपवाले हे सांगतातच असं नाही. आणि हवा बघा. पाऊस एकवेळ चालेल, समुद्रावरचं धुकं आलं की मात्र दहा फुटांवरचं दिसत नाही, अगदी जूनमधेही येतं. म्हणून आदल्या दिवसापर्यंत तारीख बदलता येईल असं तिकीट मिळत असेल तर चार पाउंड जास्त गेले तरी तेच घ्यावं.

ट्रेनने का नाही असं विचारणारे खूप जण असतात. तुम्ही दोघंच असाल, तरुण असाल, तर ट्रेनने जा, सेंट पॅन्क्रसहून फास्ट ट्रेन आहे, कँटरबरी वेस्टला तासाभरात पोचते, डोव्हरलाही साधारण तेवढाच वेळ. तीन किंवा जास्त माणसं एकत्र असली तर ऑफ-पीकला, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळात, ग्रुपसेव्ह सवलतीमधे एक तृतीयांश भाडं वाचतं. पण डोव्हर प्रायरी स्टेशनपासून वर कड्यापर्यंत चांगली तासाभराची चढण आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमायचं नाही, आणि दोन गावांच्या मधे परत ट्रेन बदला, टॅक्सी शोधा. ज्येष्ठ मंडळींसाठी कोच तो कोचच, एकदा बसवलं की बॅगा, स्वेटर, गोळ्या सगळं सीटवर ठेवून मोकळं होता येतं.

इथे नवीन आलेल्यांना एक सांगायला हवं, इथे बस आणि कोच वेगळे. बस म्हणजे शहरातली लाल, आणि लांब पल्ल्याची ती कोच. व्हिक्टोरियाला ट्रेनचं स्टेशन वेगळं, ट्यूबचं तिथेच खाली, आणि व्हिक्टोरिया कोच स्टेशन तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर बकिंगहॅम पॅलेस रोडवर आहे. काही ट्रिपा तर कोच स्टेशनातूनही निघत नाहीत, जवळच्या एखाद्या रस्त्यावरून निघतात. कन्फर्मेशनच्या ईमेलमधे नेमकी जागा असते, ती आदल्या रात्री मॅपवर बघून ठेवा. निघायच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कोच कुणासाठी थांबत नाही, अगदी दोन मिनिटंसुद्धा नाही, आणि पैसे परत मिळत नाहीत. लवकर पोचण्याचा दुसरा फायदा म्हणजे पुढच्या सीट्स. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या तीन-चार रांगांत बसवा, मागे टॉयलेटजवळ नको. कोचमधलं टॉयलेट असलं तरी ते अगदी अडल्यावेळी वापरायचं, पायऱ्या उतरून खाली, फारच लहान, आणि गाडी चालू असताना म्हाताऱ्या माणसाने उठणं धोक्याचं. सीट बेल्ट लावायचाच, कोचमधेही इथे कायदा आहे, आई म्हणत होती बसमधे कशाला, तिला दोनदा सांगावं लागलं.

खाण्याचं. बहुतेक कोचमधे गरम खाणं चालत नाही, आणि वास येणारं काही उघडलं की सगळे वळून बघतात, तेव्हा वडापावचा बेत घरीच ठेवा. आमच्या आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या केल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी छोट्या डबीत, थर्मासमधे चहा, ते सगळं आम्ही कड्यावर बाकावर बसून खाल्लं आणि सांगते, तेवढं चविष्ट जेवण इंग्लंडात दुसरं झालं नाही. घरून काही न्यायचं नसेल तर कँटरबरीत व्हेजवाल्यांसाठी चीज-कांद्याची पेस्टी, जॅकेट पोटॅटोवर बीन्स, असं सहज मिळतं. गोळ्या मात्र डब्यासकट हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत ठेवून ती खालच्या डिकीत टाकू नका, मधे उघडून देत नाहीत.

कपड्यांबद्दल लोक ऐकत नाहीत म्हणून जोर देऊन सांगते. लंडनला पंचवीस डिग्री असलं तरी कड्यावर वारा असा असतो की छत्री उलटी होते. छत्री नकोच, टोपी असलेलं विंडचीटर हवं. सासूबाई साडीवर आल्या होत्या, वरून माझं जॅकेट घातलं, पण पदर आणि निऱ्या सांभाळता सांभाळता त्यांचं बघायचं राहिलं, पंजाबी ड्रेस किंवा पॅन्ट बरी. बूट घट्ट पकडीचे. पाऊस पडून गेला की खडूची वाट साबणासारखी निसरडी होते.

लंडन मागे पडलं की केंट परगणा लागतो. इंग्लंडची बाग म्हणतात त्याला, सफरचंदं, चेरी, स्ट्रॉबेरी सगळं इथलं. खिडकीतून बघत राहा, गोल विटांच्या इमारती दिसतील, वर लाल उभट छप्पर आणि त्याच्या टोकाला वाकडी पांढरी टोपी. ती ओस्ट हाउसेस, बिअरसाठी लागणारे हॉप्स तिथे वाळवायचे, खाली भट्टी, वर फुलं पसरलेली, आणि ती टोपी वाऱ्याबरोबर फिरायची म्हणजे धूर आणि वाफ बरोबर बाहेर जायची. आता बहुतेक ठिकाणी लोक राहतात. गाइड बोलत असेल तेव्हा ऐका, इयरफोन काढून ऐका, इथले बहुतेक गाइड खूप वाचलेले असतात. फक्त आईबाबांना त्यांचं इंग्लिश पटकन कळत नाही म्हणून मी थोडक्यात आधीच गोष्ट सांगून ठेवते, आणि ही गोष्ट तुम्हीही सांगा, कारण ती माहीत असली की दोन्ही ठिकाणं एकमेकांना जोडली जातात.

गोष्ट अशी. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याचा जिवलग मित्र थॉमस बेकेट. राजाने त्याला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा सगळ्यात मोठा धर्मगुरू केलं, वाटलं आपला माणूस आहे, चर्च आपल्या मुठीत राहील. पण तो गादीवर बसल्यावर चर्चच्या बाजूने उभा राहिला, भांडण वाढत गेलं, आणि २९ डिसेंबर ११७० ला राजाचे चार सरदार कॅथेड्रलमधे शिरले आणि त्यांनी बेकेटला आतच ठार मारलं. सगळा युरोप हादरला. तीन वर्षांत तो संत झाला, ११७४ मधे खुद्द राजा अनवाणी चालत कँटरबरीला आला आणि साधूंकडून पाठीवर फटके खाऊन प्रायश्चित्त घेतलं. लोक लांबलांबून पायी यायला लागले, लंडनहून, समुद्र ओलांडून फ्रान्सहून. ११७९ मधे फ्रान्सचा राजा सातवा लुई मुलाच्या आजारपणासाठी नवस बोलायला आला तो डोव्हरला उतरला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हेन्रीने डोव्हरला तो मोठा बुरुज बांधला जो आज आपल्याला डोंगरावर दिसतो. पाहुणे उतरल्या उतरल्या त्यांना इंग्लंडच्या राजाचा थाट दिसला पाहिजे, हाही त्यामागचा एक हेतू मानतात. बाबांना ही गोष्ट सांगितली तर म्हणाले म्हणजे ही यांची वारीच की गं. आहेच. पायी, दिवसचे दिवस, वाटेत धर्मशाळा, आणि परत जाताना प्रसाद म्हणून शिशाचे छोटे बिल्ले आणि कुपीतलं पाणी.

डोव्हरला पोचल्यावर पहिली गोष्ट फोनची. इथून फ्रान्स समुद्रावरून जेमतेम तेहेतीस किलोमीटर, त्यामुळे कड्यावर फोन फ्रान्सचं नेटवर्क पकडतो. दोन गोष्टी होतात, रोमिंगचे पैसे लागू शकतात, आणि फोनचं घड्याळ आपोआप एक तास पुढे जातं. बाबांनी फोन बघितला, त्यांना वाटलं कोच सुटायची वेळ होऊन गेली, चहाचा कप तसाच टाकून ते निघाले, छातीत धडधड, मला शोधायला. म्हणून कोचमधेच सगळ्यांचं डेटा रोमिंग बंद करा, वेळ आपोआप बदलण्याचं सेटिंग बंद करा, आणि एकाच्या तरी हातात साधं मनगटी घड्याळ असू द्या. याच्याच जोडीला अजून एक, गाइड म्हणाला 'हाफ फोर' तर ते साडेचार, साडेतीन नाही. आमच्याकडे या एका शब्दावरून गोंधळ झालाय. परत यायची वेळ गाइडकडून आकड्यात ऐका, कागदावर लिहा, कागद आईच्या पर्समधे, आणि कोचच्या नंबरप्लेटचा आणि समोरच्या बाजूचा फोटो काढा, कारण तिथे एकसारखे पांढरे आठ कोच उभे असतात.

आणि मग कडे. सर्वात उंच ठिकाणी साधारण एकशेदहा मीटर. डायनोसोरांच्या काळात इथे उबदार समुद्र होता, त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, त्याच्या अंगावरची चुन्याची कवचं तळाशी साचत गेली, वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर, अशी कोट्यवधी वर्षं. मग तळ वर उचलला गेला. बारकाईने बघितलं तर पांढऱ्यात काळ्या आडव्या रेघा दिसतात, ती गारगोटी, फ्लिंट. आणि तो पांढरा राहतो कारण समुद्र खालून सतत कुरतडतो, वरचा भाग कोसळतो, आतला ताजा खडू उघडा पडतो. बंदराच्या मागचे, कॅसलखालचे कडे बघा, तिथे लाटा पोचत नाहीत म्हणून ते कोसळत नाहीत, आणि त्यांच्यावर झुडपं उगवून ते हिरवट झालेत. हे कळलं की कडेला का जायचं नाही तेही कळतं. वरून जमीन घट्ट वाटते, खाली पोकळ असू शकते, कुंपण सगळीकडे नाही, आणि फोटोसाठी लोक काठावर पाय सोडून बसतात ते बघून पोटात गोळा येतो. कमीत कमी पाच मीटर लांब. लहान मूल असेल तर हात सोडायचाच नाही. खाली किनाऱ्यावर असाल तर कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही.

तासभर असेल तर व्हिजिटर सेंटरपासून पूर्वेकडच्या वाटेने सावकाश चाला, पांढरा कडा समोर दिसला की थांबा, तिथेच बसा, परत या. साउथ फोरलँडचं दीपगृह तीन किलोमीटर आहे, जाऊन-येऊन दोन तास, कोचच्या वेळेत होत नाही, नादी लागू नका. वाटेत एक्समूर जातीची तपकिरी रानटी घोडी चरताना दिसतात, गवत कमी राहावं म्हणून मुद्दाम सोडलीयेत, खायला घालायचं नाही. खाली बंदरातून फ्रान्समधल्या कॅलेला जाणाऱ्या फेरीबोटी निघत असतात, एकामागून एक, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे फ्रान्सचा किनारा खरंच दिसतो, एक करडी रेघ. ते पाणी बघताना मी आईला सांगितलं की हीच ती इंग्लिश खाडी, मिहिर सेन यांनी १९५८ मधे पोहून पार केली, आरती साहांनी पुढच्याच वर्षी, आणि आपल्या पुण्याच्या रोहन मोरेने २०१४ मधे, त्यानेच पुढे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पूर्ण केल्या. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली एवढ्या गार पाण्यात गं.

कॅसलच्या खाली खडूतच खोदलेले बोगदे आहेत. १९४० मधे, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश आणि मित्रदेशांच्या सैन्याला परत आणण्याचं काम व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी तिथून चालवलं, २६ मे ते ४ जून, तीन लाख अडतीस हजारांवर माणसं परत आणली. त्या किनाऱ्यावर आपल्याकडचे सैनिकही होते, खेचरांच्या तुकड्या, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कॉर्प्सच्या, फ्रान्सच्या थंडीत सामान वाहायला नेलेल्या, हे फार कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. ते बोगदे बघायचे तर कॅसलला वेगळा पूर्ण दिवस हवा, कोच ट्रिपमधे जमत नाही.

दुसऱ्या वेळी आईबाबांना घेऊन आले ती ट्रिप फक्त दोन ठिकाणांची होती, कड्यावर सव्वा तास मिळाला. वाटेवरच जिथे गवत झिजलंय तिथे पांढरा खडू उघडा आहे. बाबा हळूच खाली वाकले, बोट फिरवलं, बोटाला पांढरं लागलं. उठून त्यांनी ते बोट मला दाखवलं, काही बोलले नाहीत. कोचमधे बसेपर्यंत त्यांनी हात झटकला नाही. तुकडे काढून घरी न्यायचे नाहीत बरं का, तिथेच ठेवायचे, बाबांनीही नाही आणला.

कँटरबरी डोव्हरपासून पंचवीस किलोमीटर, अर्ध्या तासाचा रस्ता. कोच गावात शिरत नाही, बाहेर किंग्जमीडला कोच पार्क आहे, तिथून नदीकाठाने दहा-पंधरा मिनिटं चालत आत जायचं. परत येताना याच वाटेने एकट्याने यायचंय, तेव्हा जाताना खुणा बघत जा. हळू चालणारं कुणी असेल तर परतीला पंचवीस मिनिटं धरा. गल्ल्या दगडी आणि वरखाली आहेत.

दोन तास असतील तर कॅथेड्रल आधी, दुकानं आणि जेवण नंतर. लोक उलट करतात आणि मग आत वीस मिनिटं उरतात. दोन तासांतला सव्वा तास आत द्या. हे काही एखादं जुनं चर्च नव्हे, ५९७ मधे संत ऑगस्टिन रोमहून आले तेव्हापासूनची ही गादी, जगभरच्या अँग्लिकन चर्चची मुख्य, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमधे या गादीवर पहिल्यांदाच एका बाईंची निवड जाहीर झाली, सारा मुलॅली, त्या आधी नर्स होत्या. आईला हे फारच आवडलं. आत चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची, आवाज हळू.

आत शिरल्यावर मोठा उंच सभामंडप, मान वर करून बघा. मग डाव्या हाताला, जिथे बेकेटला मारलं ती जागा, तिला मार्टरडम, म्हणजे हौतात्म्याची जागा, असंच म्हणतात. भिंतीवर तलवारींचं एक धातूचं शिल्प आहे, त्याची सावली पडते, आणि खाली जमिनीवर नुसतं 'थॉमस' कोरलंय. १९८२ मधे पोप जॉन पॉल दुसरे आणि तेव्हाचे आर्चबिशप इथे शेजारी गुडघे टेकून बसले होते. तिथून खाली तळघरात जा, क्रिप्ट, सगळ्यात जुना भाग, तिथे फोटो नाही काढायचे आणि ते बरंच आहे, थंड, अंधुक, खांबांच्या डोक्यावर चित्रविचित्र प्राणी कोरलेले. मग वर ट्रिनिटी चॅपलला. इथे पायऱ्या आहेत, यात्रेकरूंच्या पायांनी आणि गुडघ्यांनी मधोमध खोलगट झालेल्या, आपल्या जुन्या देवळांच्या उंबऱ्यांसारख्या, धरून चढा. वर पोचलं की मोकळी फरशी आणि मधोमध एक मेणबत्ती जळत असते. बास. १२२० पासून तिथे बेकेटची सोन्या-रत्नांनी मढवलेली समाधी होती, १५३८ मधे आठव्या हेन्रीने ती फोडून सगळं नेलं, परत काही उभारलं नाही, नुसती ज्योत. सासूबाई तिथे हात जोडून उभ्या राहिल्या, आणि शेजारी एक इंग्लिश आजी होत्या त्याही उभ्या. आजूबाजूच्या रंगीत काचांमधे बेकेटला केलेले नवस आणि बरे झालेले आजारी दाखवलेत, आठशे वर्षांपूर्वीच्या काचा, दुर्बीण असेल तर घेऊन जा, खालून बारकावे दिसत नाहीत. १९४२ मधे जर्मनांनी या गावावर बॉम्ब टाकले, गावाचा मोठा भाग जळाला, कॅथेड्रलच्या छतावर रात्रभर उभ्या असलेल्या माणसांनी आगीचे बॉम्ब हातांनी खाली ढकलले म्हणून हे उरलं.

बाहेर पडताना बाजूच्या दगडी ओवऱ्यांमधून जा, तिथे बसायला मिळतं, छताला शेकडो रंगीत ढाली आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरचं-खालचं सगळं करू नका, सभामंडप, मार्टरडम आणि ओवऱ्या, एवढं समजून बघितलं तरी पुष्कळ झालं. व्हीलचेअर लागणार असेल तर कॅथेड्रलला आधी फोन करा, आणि कोचवाल्यांनाही बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी ते काही करू शकत नाहीत. उरलेल्या वेळात हाय स्ट्रीटवर नदीचा पूल आहे, शेजारी विणकरांचं जुनं लाकडी घर, आणि पुलाला लागूनच ईस्टब्रिज, यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात बांधलेली धर्मशाळा. नावेत बसायचा मोह होतो, पण रांग असेल तर नको, कोच जातो.

परतीला लंडनमधे शिरताना हमखास ट्रॅफिक लागतो, त्या संध्याकाळी जेवायला कुणाकडे जायचं ठरवू नका, नाटकाचं तिकीट तर अजिबातच नको. ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, कायदा आहे, म्हणून मधे कुठे थांबला तर कुरकुर करू नये. उतरताना गाइड आणि ड्रायव्हरला माणशी दोन-तीन पाउंड द्यायची पद्धत आहे, सक्ती नाही, सुटी नाणी सकाळीच खिशात ठेवा. काही कोच परतताना व्हिक्टोरियाला न सोडता दुसरीकडे सोडतात, तेही सकाळीच विचारून घ्या आणि तिथून घरची ट्यूब बघून ठेवा. उतरण्याआधी सीटखाली आणि वरच्या फळीवर हात फिरवा. आमची चटणीची डबी एकदा राहिलीये.